रिपोर्टवर ‘यीस्ट सेल्स’ आलंय? एकच बुरशी रूपं कशी बदलते आणि ते ठरवतं कोण

लघवीचा नाहीतर स्वॅबचा रिपोर्ट हल्ली थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन येतो, डॉक्टरांची वेळ मिळालेली असते दोन दिवसांनंतरची, आणि मधल्या वेळात घरातलं कुणीतरी त्यातली एक ओळ धरून गूगल करत बसतं. ‘बडिंग यीस्ट सेल्स विथ सूडोहायफी सीन’ किंवा ‘कॅन्डिडा अल्बिकन्स, जर्म ट्यूब पॉझिटिव्ह’. त्यात २०२१ मध्ये पुण्यात ज्यांनी ब्लॅक फंगसचे पेशंट जवळून पाहिलेत त्यांना फंगस म्हटलं तरी धडकी भरते, आणि ते साहजिकच आहे. पण ब्लॅक फंगस म्हणजे म्युकर, ती मातीत, सडक्या पाल्यापाचोळ्यावर वाढणारी आणि हवेतून येणारी बुरशी. रिपोर्टवरच्या ह्या कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं तसं नाही, ती बहुतेक वेळा आधीपासून आपल्यातच असते, तोंडात, आतड्यात, योनीमार्गात, आणि कित्येक धडधाकट माणसांच्या अंगात वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता पडून असते.

मग हीच बुरशी तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर का धरते, चारातल्या तिघी बायकांना आयुष्यात एकदा तरी खाज आणि अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास का देते, आणि आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात उतरून जीवावर का उठते? जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली, त्यातल्या १९ पैकी ज्या चार सगळ्यात वरच्या गटात आहेत त्यात कॅन्डिडा अल्बिकन्स आहे. ह्याच्या उत्तराचा मोठा भाग तिच्या रूप बदलण्यात आहे, आणि रूप कुठलं घ्यायचं हे तिचे कोणते जीन कधी चालू होतात ह्यावर ठरतं. हे एकदा नीट कळलं की रिपोर्ट वाचताना उगाच घाबरायला होत नाही, आणि मेडिकलमधून मनाने ट्यूब आणून लावायची घाईही होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गोल पेशी, लांब तंतू आणि मधली माळ

यीस्ट म्हणजे सुटी राहणारी गोल किंवा लंबगोल पेशी. तिला अंगावर एक छोटा फुगवटा येतो, तो मोठा होतो आणि तुटून वेगळा होतो, पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट असंच वाढतं. हायफा म्हणजे लांब नळीसारखा तंतू, पेशी एकापुढे एक जोडलेल्या आणि कडा अगदी समांतर. ह्या दोन्हींच्या मधलं रूप म्हणजे सूडोहायफा, लांबट पेशींची माळ, जिच्यात प्रत्येक सांध्यापाशी कंबर आवळल्यासारखी खाच दिसते. इथून पुढे मी फक्त यीस्ट आणि तंतू हे दोनच शब्द वापरतो.

हे रूप बदलणं लॅबमध्ये डोळ्यांनी बघता येतं, आणि एकदा बघितलं की विसरत नाही. प्लेटवर वाढलेली मलईसारखी पांढरट कॉलनी, म्हणजे पेशींचा ठिपका, असते, ओल्या पिठासारखा वास येतो, तिला काडीचं टोक नुसतं लावायचं आणि छोट्या ट्यूबमधल्या अर्धा एमएल सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागात, बुडवायचं. ट्यूब ३७ डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. दोन-अडीच तासांनी एक थेंब स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिप टाकून बघितलं तर मघाशी ज्या नुसत्या गोल पेशी होत्या त्यांना सरळ, बारीक शेपटी फुटलेली असते, आणि शेपटी जिथून निघते तिथे खाच नसते. हीच ती जर्म ट्यूब. तीन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, कारण मग कॅन्डिडाच्या दुसऱ्या जातीसुद्धा थोडंफार तसंच काहीतरी दाखवायला लागतात आणि गोंधळ होतो. म्हणजे रिपोर्टवरचं ‘जर्म ट्यूब पॉझिटिव्ह’ हे बुरशीची जात ओळखल्याचं सांगतं. तुम्हाला आजार किती आहे हे त्यातून कळत नाही. थुंकीत किंवा कॅथेटर (लघवीची नळी) लावलेल्या पेशंटच्या लघवीत यीस्ट दिसलं तर पुष्कळदा ती नुसती वस्तीला असलेली बुरशी असते. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, कॅन्डिडा आली तर मात्र ती कधीच किरकोळ समजत नाहीत, औषध लगेच सुरू करतात, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) शक्य असेल तर काढतात, डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी करतात, आणि रक्त स्वच्छ झाल्यापासून निदान दोन आठवडे उपचार चालू ठेवतात.

जीन तेच, मग बदलतं काय?

बऱ्याच जणांना वाटतं की रूप बदललं म्हणजे म्युटेशन झालं, जीनच बदलला. तसं नाही. गोल पेशीत जे सहा हजाराच्या आसपास जीन असतात तेच जसेच्या तसे तंतूतही असतात. बदलतं ते एवढंच, की त्यातले कुठले वापरात आहेत.

पुण्यात राहणाऱ्याला हे चटकन कळेल. पाण्याचे पाइप सगळ्या गल्ल्यांत टाकलेले असतात, टाकीही तीच, पण आज सकाळी कुठल्या भागाला पाणी येणार हे व्हॉल्व फिरवणारा माणूस ठरवतो. पेशीमध्ये हे काम काही खास प्रोटीन करतात, ती डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसतात आणि शेजारचा जीन चालू किंवा बंद करतात. ह्यांना मी नियंत्रक म्हणेन. एनआरजी-१ नावाचा नियंत्रक तंतूचे सगळे व्हॉल्व घट्ट बंद करून ठेवतो, त्याच्या जोडीला टप-१ नावाचा दुसरा असतो. उलट ईएफजी-१ हा व्हॉल्व उघडायला निघालेला. जोपर्यंत पहिल्या जोडीचं चालतं तोपर्यंत बुरशी यीस्टच राहते.

१९९७ हे वर्ष ह्या विषयात फार महत्त्वाचं. अमेरिकेतल्या एका गटाने टप-१ काढून टाकला तर बुरशी कायमच तंतूच्या रूपात वाढायला लागली, म्हणजे तंतू होणं हे ‘काहीतरी चालू करण्या’इतकंच ‘बंद ठेवणारा हात बाजूला होण्या’वर अवलंबून आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने ईएफजी-१ आणि त्याच्यासारखा अजून एक असे दोन्ही उघडणारे काढून टाकले. ती बुरशी तंतू करेनाच, आणि उंदरांना टोचल्यावर जिथे साधी कॅन्डिडा उंदीर मारते तिथे हिने उंदीर मारले नाहीत.

आपण शरीरात आहोत हे तिला कळतं कसं

हा मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग आहे. एका पेशीच्या जिवाला ना डोळे ना नाक, पण आजूबाजूच्या चार-पाच गोष्टी ती सतत तपासत असते.

पहिलं तापमान. पेशीत एचएसपी-९० नावाचं एक प्रोटीन असतं, त्याचं रोजचं काम इतर प्रोटीनची घडी नीट ठेवायचं, आणि कमी तापमानात ते तंतूकडे नेणाऱ्या संदेशाला दाबून धरतं. अंग तापलं, विशेषतः ताप आला, की घडी बिघडलेल्या प्रोटीनची संख्या वाढते, एचएसपी-९० तिकडे गुंतून पडतं आणि इकडची पकड सुटते. दुसरं कार्बन डायऑक्साइड, बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के आणि आपल्या शरीरात ५ टक्क्यांच्या आसपास, शंभर पटीहून जास्त फरक, आणि हा फरक ओळखणारं एन्झाइम तिच्याकडे आहे. तिसरं आंबटपणा, आम्लात ती यीस्ट राहते आणि रक्तासारख्या न्यूट्रल जागी तंतूकडे वळते, योनीमार्गातलं आम्ल वातावरण महत्त्वाचं असतं त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय जिवाणूंच्या भिंतीचे बारीक तुकडे रक्तात फिरत असतात, तेही तिला ‘इथे शरीर आहे’ असं सांगतात. हे तुकडे आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही संदेश एकाच एन्झाइमवर येऊन पोचतात.

आणि गर्दी. कॅन्डिडाच्या पेशी फार्नेसॉल नावाचा पदार्थ सोडतात, पेशी दाटीने वाढल्या की तो साचतो आणि सगळ्यांना यीस्टच राहायला लावतो, २००१ मध्ये हे उघड झालं.

संदेश पुरेसे जमले की एनआरजी-१ चटकन खाली येतो, व्हॉल्व उघडतात. पण काही मिनिटांच्या गरमीने तंतू होऊन चालणार नाही ना, म्हणून दुसरी पायरी आहे, यूएमई-६ नावाचा नियंत्रक नंतर वर येतो आणि उघडलेले व्हॉल्व उघडेच ठेवतो. पहिली पायरी सुरुवातीची आणि दुसरी टिकवण्याची, असं सोपं करून लक्षात ठेवलं तरी पुरे.

तंतू झाल्यावर नेमकं बिघडतं काय

लांबी वाढली म्हणून ती टोचते एवढाच ह्याचा अर्थ नाही. तंतूचे व्हॉल्व उघडले की त्यांच्याबरोबर भलतेही जीन चालू होतात. पेशींना घट्ट चिकटवणारी प्रोटीनं येतात, आणि एक विष येतं, त्याचं नाव कॅन्डिडालायसिन. ज्या जीनमधून ते बनतं तो १९९३ पासून माहीत होता, तंतू होताना जोरात चालू होतो एवढंच कळलेलं, पण तो करतो काय हे कळायला २०१६ उजाडलं. फक्त ३१ अमिनो आम्लांचा तो तुकडा आपल्या पेशींच्या पातळ पडद्याला भोकं पाडतो. बुरशीमध्ये असं थेट पेशी फोडणारं विष माणसाच्या आजारात पहिल्यांदाच सापडलं होतं, त्यामुळे त्या वेळी ह्या क्षेत्रात खरंच खळबळ झाली.

दुसरी गोष्ट आपल्या पांढऱ्या पेशींची. त्यांनी यीस्ट गिळलं की आतल्या गरमीत आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये ते यीस्ट तंतू होतं आणि गिळणाऱ्या पेशीला आतून फाडून बाहेर पडतं. तिसरी गोष्ट प्लॅस्टिकची, कॅथेटर, हृदयाचा कृत्रिम व्हॉल्व, दातांची कवळी ह्यांच्यावर यीस्ट आणि तंतू मिळून जाड थर जमवतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि त्या थरात औषध पोचून काम करणं फार अवघड होऊन बसतं. २०१२ मध्ये हा थर चालवणाऱ्या सहा नियंत्रकांचं जाळं मांडलं गेलं, आणि आपला ईएफजी-१ त्यातही आहे.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका प्रयोग २००३ चा आहे. टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी एनआरजी-१ अशा पद्धतीने बसवला की उंदराच्या पिण्याच्या पाण्यात डॉक्सिसायक्लीन घातलं की तो बंद आणि नाही घातलं की चालू. सगळ्या उंदरांना तीच बुरशी टोचली. ज्यांच्या पाण्यात औषध होतं त्यांच्यात बुरशी तंतू झाली आणि ते मेले. ज्यांच्या पाण्यात नव्हतं त्यांच्यात ती यीस्टच राहिली आणि ते जगले, आणि नंतर त्यांच्या किडन्या तपासल्या तर आत बुरशी भरपूर होती! बुरशी आहे, भरपूर आहे, तरी प्राणी जिवंत आहे. बुरशी असणं आणि आजार असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ह्याचा ह्याहून सरळ पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं स्विच, पांढऱ्या आणि मळकट कॉलनीचं

यीस्ट-तंतू हा बदल परिस्थितीनुसार होतो, परिस्थिती बदलली की मागे फिरतो. ह्याशिवाय कॅन्डिडाकडे एक वेगळ्या जातीचं स्विच आहे. १९८७ मध्ये आयोवा विद्यापीठात एका पेशंटकडून मिळालेल्या कॅन्डिडाच्या प्लेटवर नेहमीच्या पांढऱ्या चमकदार घुमटासारख्या कॉलनींमध्ये अधूनमधून सपाट, मळकट कॉलनी दिसायला लागल्या. प्लेटमध्ये फ्लॉक्सिन नावाचा रंग घातला तर मळकट कॉलनी गुलाबी होतात आणि पांढऱ्या पांढऱ्याच राहतात, त्यामुळे एका पांढऱ्या कॉलनीला गुलाबी पाचर फुटलेली अगदी स्पष्ट दिसते.

साधारण दहा हजार पेशी-विभाजनांमध्ये एकदा पांढऱ्याची मळकट होते, आणि झाली की तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं मळकटच राहतात. डीएनएमध्ये एक अक्षरही बदललेलं नसताना. हे कसं? २००६ मध्ये वोर-१ नावाचा मुख्य नियंत्रक सापडला. हा असा व्हॉल्ववाला आहे की जो सगळ्यात आधी स्वतःचाच व्हॉल्व उघडतो, म्हणजे वोर-१ बनला की तो वोर-१ च्याच जीनवर बसून अजून वोर-१ बनवायला लावतो. ठराविक पातळीच्या वर गेला की स्वतःला धरून ठेवतो, पेशी दोन झाल्या की दोघींच्या वाट्याला येतो आणि दोघींमध्ये पुन्हा तेच चक्र सुरू. आपल्या शरीरात लिव्हरच्या पेशीची पिल्लं लिव्हरचीच का होतात त्याच्यामागेही अशाच स्वतःला धरून राहणाऱ्या साखळ्या आहेत, म्हणून ज्यांना बुरशीत काडीचा रस नाही असे शास्त्रज्ञसुद्धा हे स्विच अभ्यासतात.

ह्याचा उपयोग काय तिला? २००२ मध्ये कळलं की मळकट पेशी पांढऱ्यांपेक्षा सुमारे दहा लाख पटीने चांगल्या जोड्या जमवतात, म्हणजे हे रूप प्रजननाचं आहे. त्वचेवर त्या बरं तग धरतात, पण ३७ डिग्रीला सहसा परत पांढऱ्या होतात. आणि बहुतेक पेशंटमध्ये सापडणाऱ्या कॅन्डिडात नर-मादीसारखे दोन्ही प्रकारचे जीन एकत्र असल्यामुळे हे स्विच सहसा कुलूपबंदच असतं. त्यामुळे तुमच्या रिपोर्टशी ह्याचा थेट संबंध नाही, पण २०१३ मध्ये ह्याच वोर-१ मुळे उंदराच्या आतड्यात कॅन्डिडा एक तिसरंच, तिथे सुखाने राहण्याचं रूप घेते असं दिसलं, म्हणजे शांत वस्ती करणं हाही एक वेगळा कार्यक्रम आहे, नुसतं स्वस्थ बसणं नाही.

म्हणजे तंतू वाईट आणि यीस्ट चांगलं, असंच ना?

इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. कॅन्डिडा ग्लाब्राटा नावाची जात खरे तंतू करतच नाही, तरी रक्तात जाऊन जीव घेते. कॅन्डिडा ऑरिस, जिची एका पेशंटच्या कानातून मिळालेली नवी जात म्हणून २००९ मध्ये जपानमधून पहिल्यांदा नोंद झाली आणि जी आता भारतातल्या आयसीयूंनाही परिचयाची झालीय, ती बहुतांशी यीस्ट म्हणूनच वाढते, तिचा धोका त्वचेवर आणि पलंगाच्या कठड्यावर चिकटून राहण्यात आणि औषधांना दाद न देण्यात आहे. आणि मातीत, वटवाघळांच्या विष्ठेत वाढणारी हिस्टोप्लाझ्मा तर बरोबर उलटी वागते, बाहेर तंतू आणि आपल्या फुफ्फुसात गेली की यीस्ट. गंमत अशी की तिचं हे रूपांतर चालवणारा मुख्य नियंत्रक वोर-१ चाच भाऊबंद आहे, २००८ मध्ये सापडला.

खुद्द अल्बिकन्समध्येही वाद चालू आहे. तंतूचे जीन आतड्यात वस्ती करायला आड येतात असं काही प्रयोग सांगतात, तर कॅन्डिडालायसिन आतड्यातल्या जिवाणूंशी स्पर्धा करायला तिला उपयोगी पडतं असं २०२४ चं काम सांगतं. म्हणजे ज्याला आपण हत्यार म्हणतो ते कदाचित मुळात शेजाऱ्यांशी जागेसाठी भांडायला तयार झालेलं असेल.

पुण्यापुरतं सांगायचं तर पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) बेंजामिनिएला नावाच्या, माणसाला आजार न देणाऱ्या पण यीस्ट आणि तंतू अशी दोन्ही रूपं घेणाऱ्या बुरशीवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. आणि बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आघारकर संस्थेत आहे, आपल्यातल्या कित्येकांच्या रोजच्या जायच्यायच्या रस्त्यावर.

साखर सोडली, दही खाल्लं तर ती यीस्टच राहील का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि इंटरनेटवर ‘कॅन्डिडा क्लीन्स’ डाएट विकणारे आहेतच, सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून टेस्ट करा म्हणणारेही आहेत. थुंकीच्या त्या टेस्टला काहीही अर्थ नाही. डायबिटीस असेल आणि शुगर ताब्यात नसेल तर ती ताब्यात आणणं खरोखर महत्त्वाचं, त्याने फरक पडतो. पण धडधाकट माणसाने जेवणातला गूळ सोडला म्हणून बुरशीचे व्हॉल्व बंद होतात असं नाही. दही जरूर खा, दही चांगलंच आहे, फक्त ते औषधाच्या जागी नको.

खरोखर तोल बिघडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. अँटिबायोटिकचे कोर्स, कारण जिवाणू मेले की कॅन्डिडाला मोकळी जागा मिळते. स्टेरॉइड, मग ते गोळीचं असो की दम्याच्या पंपाचं, पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायला सांगतात ते ह्याचसाठी. आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या त्या मिक्स ट्यूब, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड तिन्ही असतं, खाज दोन दिवसांत थांबते कारण स्टेरॉइडने सूज दबते, बुरशी मात्र तिथेच असते आणि तिला रोखणारी आपली प्रतिकारशक्ती तेवढ्या जागी झोपवलेली असते. कळकळीने सांगतो, त्या ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, लहान मुलांना तर मुळीच नको.

मग तंतू बंद करणारं औषध का नाही निघालं?

बुरशीवरची औषधं मुळातच थोडी आहेत. जिवाणूंच्या मानाने बुरशी आपल्याला फार जवळची, तिची पेशी बरीचशी आपल्यासारखीच चालते, त्यामुळे तिला मारेल पण आपल्याला इजा करणार नाही अशी जागा सापडणं कठीण. फ्लुकोनॅझोलसारखी औषधं, अ‍ॅम्फोटेरिसिन, आणि बुरशीच्या पेशीच्या भिंतीवर काम करणारी कॅस्पोफंजिनसारखी, आयसीयूमध्ये मुख्य भरवसा एवढ्यांवरच. म्हणून मारण्याऐवजी नुसतं तंतू होऊ द्यायचं नाही ही कल्पना आकर्षक वाटते, मारत नाही म्हटल्यावर औषधाला पुरून उरणाऱ्या पेशी निवडल्या जाण्याचा दबावही कमी असावा अशी आशा. लॅबमध्ये तंतू रोखणारे पुष्कळ पदार्थ सापडलेत.

पण अडचणी खऱ्या आहेत. तंतूकडे जाणारे संदेशाचे रस्ते अनेक आहेत, एक बंद केला तरी दुसरा उरतो. एचएसपी-९० सारखी प्रोटीनं आपल्याही पेशीत आहेत, त्यांना हात लावला तर आपल्यालाच त्रास. आणि आयसीयूतल्या पेशंटची प्रतिकारशक्ती इतकी खालावलेली असते की नुसत्या यीस्टचाही बंदोबस्त त्याच्याच्याने होत नाही, त्याला बुरशी मारणारंच औषध लागतं.

जिथे ही कल्पना सगळ्यात पुढे गेली ती जागा म्हणजे पुन्हा पुन्हा होणारं योनीमार्गाचं इन्फेक्शन. तंतूच्या अंगावर येणारं चिकटवणारं एक प्रोटीन घेऊन एनडीव्ही-३ए नावाची लस बनवली, अमेरिकेत हा त्रास वारंवार होणाऱ्या बायकांमध्ये चाचणी झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. लस सुरक्षित ठरली. चाळिशीच्या आतल्या बायकांमध्ये लस घेतलेल्यांपैकी जास्त जणी वर्षभर त्रासाशिवाय राहिल्या, चाळिशीच्या पुढच्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. ती लस अजून दवाखान्यात मिळत नाही, आणि तोवर हा त्रास परत परत होणाऱ्या बाईने नुसत्या लक्षणांवर गोळ्या घेत राहण्यापेक्षा स्वॅबचं कल्चर करून जात कुठली आहे ते बघून घेतलेलं बरं, कारण ग्लाब्राटा निघाली तर नेहमीच्या फ्लुकोनॅझोलला ती पुष्कळदा दाद देत नाही आणि औषध बदलावं लागतं.